डाव्या बाजूचा तुकडा

वहिनी,

तेराव्याला तुमच्याबद्दल सगळे इतकं चांगलं बोलले, की क्षणभर मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी येऊन बसलोय. पोलादपूरच्या मामी म्हणाल्या, "शांत बाई गो. कधी आवाज चढलेला ऐकला नाय." मी दादाकडे पाहिलं. दादा सतरंजीकडे बघत होता. तुमचा नवरा तो, आलेल्या माणसाला खोडून काढणं त्याच्या स्वभावात नाही. माझ्या आहे. मी तोंड उघडलंही होतं, "अहो मामी, नाते रोडवरच्या गॅरेजमागून यांचा आवाज निघाला की हायवेवरचे ट्रक हॉर्न वाजवायचं थांबायचे," पण तेवढ्यात बायकोनं माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तो प्यायला दिलेला नव्हता, तोंड बंद करायला दिलेला होता. मी प्यालो.

तुमचं कौतुक करायला मी लिहायला बसलेलो नाही. ते मामींनी केलंय. आपला एक वाद अर्धा राहिला होता. तुम्ही म्हणत होता, बबनच्या जीपसाठी घडवलेला डावा तुकडा बरोबर झालाय. मी म्हणत होतो, खालची कड जाड राहिलीये. शेवटी ठरलं, की जीप येईल तेव्हा तिच्यावर लावून बघू, तोवर कुणी बोलायचं नाही. नंतर तुम्हीच बोलायला राहिला नाहीत. जीप काल आली. निकाल लागला. तो तुम्हाला कळवणं मला भाग आहे.

तुम्हाला माहीत असलेलंच पुन्हा सांगणार आहे, रागावू नका. कोर्टात कारकुनी करून आयुष्य गेलं. प्रकरण सुरुवातीपासून मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तुमचं माहेर पेणकडचं, वडलांचा गणपतीचा कारखाना. लग्न होऊन महाडात आलात तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना वाटलं, चला, आता दर वर्षी मूर्ती घरचीच. तुम्ही गणपतीला पुन्हा हात लावला नाहीत. "लहानपणापासून सोंडाच करत आले, पुरे," म्हणालात. मग एके दिवशी दादाच्या गॅरेजात एक जुनी गाडी आली. इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि मालक रडकुंडीला आलेला. का, तर दाराच्या आतल्या हँडलमागची प्लास्टिकची वाटी फुटलेली. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं, मुंबईपर्यंत शोधून झालेलं. दादानं हात वर केले. तुम्ही डबा द्यायला आला होतात. तुम्ही दुसऱ्या दारावरची धड वाटी हातात घेतलीत, उलटी केलीत, नखानं टिचकी मारलीत आणि म्हणालात, "एवढंच ना? गणपतीच्या कानापेक्षा सोपं हाय."

धड वाटीवर रबर ओतलंत, साचा घेतलात, साच्यात काळं रेझिन आणि फायबर भरलंत. दोन दिवसांनी वाटी तयार. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. डॅशबोर्डच्या जाळ्या, आरशांची कव्हरं, दारांचे खिसे, हेडलाइटभोवतीच्या चौकटी. माणगावपासून खेडपर्यंत जुन्या गाडीवर जीव असलेला माणूस तुम्हाला शोधत यायचा. पावसाळ्यात दमट हवेनं रेझिन लवकर आळायचं नाही, तेव्हा तुम्ही तुकडे खोक्यात ठेवून वर बल्ब लावायचात. पोल्ट्रीतल्या पिल्लांसारखे. मी विचारायचो, "कधी फुटणार अंडी?" तुम्ही म्हणायचात, "तुम्ही बसा थोडे वर, लवकर फुटतील."

तुम्ही एकदा म्हणालात ते मला अजून आठवतं. गाडी इंजिनानं मरत नाही, भावजी. इंजिन कोणीही दुरुस्त करतो. एखादं झाकण फुटतं, मग मालक तिकडं बघायचं टाळतो, मग धुवायचं टाळतो, मग एक दिवस भंगारवाल्याला फोन करतो. मी त्यावर काहीतरी विनोद केला असणार. केलाच असेल. चांगलं वाक्य ऐकलं की मला विनोद सुचतो, ही माझी जुनी खोड.

कोर्टातून सुटलो की मी गॅरेजमागच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये यायचो. मदत करायला, असं मी म्हणायचो. तुम्ही दुसरा शब्द वापरायचात. तुमच्या हाताखाली मी केलेलं पहिलं स्वतंत्र काम आठवतं? एका गाडीचं डाव्या आरशाचं कव्हर हरवलेलं. मी उजव्या कव्हरावर साचा घेतला, मन लावून घासलं, रंग मिळवला, आणि मिरवत नेऊन लावायला गेलो. बसेना. फिरवलं, बसेना. उलटं केलं, तरी बसेना. उजव्यावरून साचा घेतला की उजवंच निघतं, डावं निघत नाही, हे कुठल्याही पोराला कळलं असतं. गाडीखाली झोपलेला दादा हसत हसत बाहेर आला तो डोकं आपटूनच. आणि तुम्ही म्हणालात, "कोर्टात पण असंच करता काय भावजी? दोन्ही बाजू उजव्याच?" ते कव्हर तुम्ही दाराजवळच्या खिळ्याला टांगलंत. आलेल्या-गेलेल्याला चहाबरोबर ते दाखवायचात. "हे आमच्या भावजींचं."

त्याच दिवशी तुम्ही मला डावा तुकडा कसा करतात ते दाखवलंत. उजव्या तुकड्याच्या अंगावर पुठ्ठा धरून जागोजागी त्याची वळणं कापायची. ते पुठ्ठे उलटे करून फळीवर ओळीनं उभे करायचे, मधल्या जागेत शाडू भरायचा आणि पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत खरवडत आणायचा. मग शेवटी आरसा. तुमच्या लग्नातल्या लोखंडी कपाटाचा तो लांब आरसा दादाला न विचारता काढून आणला होतात तुम्ही. उजवा तुकडा आरशासमोर धरायचा आणि घडवलेला डावा त्याच्या शेजारी. आरशातला आणि हातातला, दोघे जुळे दिसले पाहिजेत. जिथं जुळे दिसत नाहीत तिथं चूक. दादा बरेच दिवस बिनआरशाच्या कपाटासमोर उभा राहून केस विंचरत होता, सवयीनं.

आणि आपले वाद! रंगाचा वाद तर किती वर्षं चालला. नवा तुकडा काळाकुळकुळीत, चकचकीत द्यावा, असं माझं म्हणणं. गिऱ्हाइकाला नवं दिसलं पाहिजे. तुम्ही मात्र काळ्यात थोडा पांढरा, थोडा तपकिरी घालत बसायचात, बाकीच्या गाडीइतका विटका रंग येईपर्यंत. "एक तुकडा नवा लावला की सगळी गाडी म्हातारी दिसते," म्हणायचात. एकदा आपण पैज लावल्यासारखं केलं. एका निवृत्त मास्तरांच्या गाडीसाठी दोन्ही केले, एक चकचकीत, एक विटका, आणि त्यांच्यासमोर ठेवले. मास्तरांनी चकचकीत उचलला. माझी छाती फुगली. महिन्याभरात मास्तर परत आले, म्हणाले, आता दुसऱ्या बाजूचाही तसाच करा, हा फार जुनाट दिसतो. मग दारांचे खिसे. मग जाळी. तुम्ही म्हणालात, "बघा, सगळी गाडी नासवलीत." मी म्हणालो, "बघा, केवढं काम मिळालं." दोघंही जिंकलो असं दोघंही शेवटपर्यंत समजत होतो.

मार्चात चवदार तळ्यावर माणसं येतात, तेव्हा गावात गाडी वळवायला जागा नसते. एका वर्षी लांबून आलेल्या टेंपोचा आरसा गर्दीत घासून फुटला. कव्हर नाही, काच लोंबते आहे, एवढ्या रस्त्यानं परत जायचं. तुम्ही त्या लोकांना म्हणालात, तुम्ही जाऊन या तळ्यावर, तोवर करते. माझ्या मते बांधून द्यावं तारेनं, झालं. "एवढ्या लांबून आलेत ते, आणि परत जाताना गाडीला तार?" तेवढंच म्हणालात. त्या दिवशी मी वाद घातला नाही. तुम्ही चपापून माझ्याकडे पाहिलंत, ताप आलाय का म्हणून.

आता बबन.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतला बबन, दहा सीटर जीपवाला. वाडीतल्या म्हातारीला दवाखान्यात न्यायची असो, मुंबईहून आलेल्यांचं सामान वर चढवायचं असो, की बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या खाली आणायच्या असोत, वाडीला ती एकच गाडी. तिच्या डाव्या हेडलाइटभोवतीची चौकट गेली. इंडिकेटर त्याच चौकटीत बसतो. चौकट नाही म्हणून तो वायरवर लोंबत राहिला, आणि पासिंगच्या वेळी आरटीओनं गाडी परत पाठवली. कशी गेली म्हणून विचारलं तर बबन म्हणाला, "रेड्यानं डोस्कं घासलं, वैनी. रोज घासायचा. मी म्हटलं घासू दे, माया करतोय. एक दिवस निघालीच." तुकडे उचलायला गेला तोवर पावसाच्या पाण्यानं ओढ्यात गेलेले. जीप एकदा दाखवून, उजवी चौकट नमुन्याला ठेवून तो परत वर गेला. पासिंग नसलेली गाडी सारखी हायवेवर आणायची सोय नव्हती. तुम्ही त्याला म्हणालात, "झालं की सांगावा धाडते."

आणि मग तुमचं दुखणं निघालं.

मुंबईच्या फेऱ्या, सुया, औषधं. त्यातली एखादी फेरी सोडली तर महाड डेपोतून एसटीत तुमच्या शेजारी मीच असायचो, कारण दादाला दवाखान्याच्या वासानं चक्कर यायची. त्या प्रवासात तुम्ही पुढच्या सगळ्या गाड्यांचे मागचे दिवे मोजल्यासारखे बघायचात. "त्याचं डावं बघा. कोणीतरी चुकीचं लावलंय." आजाराबद्दल एकदाही बोललो नाही आपण. बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर म्हणाला असतात, "काय बोलणार होतात? विनोद?"

बबनचा तुकडा तुम्ही घरी, खाटेवर बसून केलात. वर्कशॉपपर्यंत जाववत नव्हतं. फळी मांडीवर, पुठ्ठे उभे, शाडूचा ओला गोळा कपड्याखाली. मी म्हणालो, "थांबा, आरसा घेऊन येतो गाडीवर टाकून." तुम्ही म्हणालात, "नको." मी म्हणालो, "अहो, आरशाशिवाय कसं जुळवणार?" तुम्ही डोक्यावरचा पदर पुढे ओढलात. कपाळ झाकेपर्यंत. केस गेले होते तुमचे तोवर. एवढं समोर दिसत असताना मी आणखी एकदा म्हणालो, "जड नाही हो आरसा, मी आणतो." तेव्हा आतून बायकोनं मला हाक मारली, मीठ संपलंय म्हणून. मिठाची बरणी भरलेली होती.

मग तुम्ही बोटांनी चाचपून केलंत. उजव्यावरून एक हात, डाव्यावरून एक हात, डोळे मिटून. तुमची बोटं आरशापेक्षा पक्की, हे मला माहीत होतं. त्याच बोटांची टोकं औषधांनी बधिर झाली होती, हेही माहीत होतं. डॉक्टरला सांगितलंत तेव्हा मी शेजारी होतो.

शाडूवरून साचा घेतला, रंग तुम्ही बशीत कालवून दिलात, ओतायला मी. तुकडा निघाला तेव्हा मी तो हातात फिरवला आणि म्हणालो, "खालची कड जाड राहिलीये."

"नाय राहिली."

"वहिनी, इंडिकेटरच्या खाली बघा. वळण लवकर सुटलंय. खाली बसणार नाही हा."

"तुमचा चष्मा बदला."

"चष्मा नवाच आहे."

"मग डोळे बदला. दोन उजवे करणाऱ्यानं मला डावं शिकवू नये."

दादा दारात उभा होता. मला खुणेनं सांगत होता, सोड, हो म्हण. त्याचं बरोबर होतं. आजारी माणसाला हो म्हणतात. पण वहिनी, मला ते जमेना. घरात सगळे तुम्हाला हो म्हणायला लागले होते. भात खाल्ला नाहीत तरी हो, औषध ठेवून दिलंत तरी हो. तुमचा चेहरा त्या होकारांनी दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. मी वाद घातला तेव्हा तुम्ही उशीवरून उठून बसलात. आवाज चढला तुमचा. शेजारची बाई डोकावून गेली. मी बरं केलं की वाईट, ते बघायला आता कुणी वरचं कोर्ट नाही. एवढंच सांगतो, त्या दिवशी तुम्ही पेजेचा वाडगा पूर्ण संपवलात आणि वर म्हणालात, "गाडीवर बसवल्याशिवाय आता यावर बोलायचं नाय. गाडी सांगंल कोण चुकलं ते."

पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

तुकडा वर्कशॉपच्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेला होता. उजवी चौकट शेजारी, आणि आरसा समोर भिंतीला. मला फडकं सोडून, दोन्ही तुकडे धरून एका मिनिटात निकाल बघता आला असता. मी बघितला नाही. रोज येऊन बसायचो, बल्ब लावायचो, बंद करायचो. आयुष्यभर तुमच्याशी एक तरी वाद जिंकावा म्हणून धडपडलेला माणूस मी, आणि देवाजवळ मागत होतो की मला हरव. माझा चष्मा खोटा ठरव.

काल बबन आला. गॅरेजात दादा नव्हता, बाजारात गेला होता. बबननं चप्पल बाहेर काढली आणि आत आला. मग म्हणाला, "वैनी सांगावा धाडणार व्हत्या." मी म्हणालो, "मी धाडला तोच समज." पुढच्या आठवड्यात त्याला पासिंगला जायचंय, या वेळीही परत पाठवलं तर वाडी पावसाळाभर बिनगाडीची.

मी आधी उजवी चौकट बसवली, मग फडकं सोडून डावी समोर धरली. बबन दोन्हीकडे बघून म्हणाला, "भाऊ, यातली नवी कंची?" खरंच सांगतो, त्याला कळेना. रंग असा मिळाला होता, की उन्हात इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या जीपचा तो तुकडा तेवढीच वर्षं तिच्याबरोबर उभा असावा. मी मनात म्हणालो, घ्या, हरलो. रंगात हरलो. आता कडेतही हरू द्या.

वरचे दोन स्क्रू बसले. खाली दाबलं. बसेना. इंडिकेटरच्या खाली माझ्या बोटाचं टोक आत जाईल एवढी फट. पुन्हा सोडवून पुन्हा लावलं, जरा हलवून, जरा तिरकं. तीच फट, तिथंच, मी दाखवली होती तिथं.

जिंकलो, वहिनी. जीपपुढं गुडघ्यावर बसून जिंकलो.

बबननं वाकून पाहिलं. "काय झालं भाऊ? वैनींचा हात..." एवढंच म्हणाला. मला तुमचा प्रतिवादी म्हणून तिथं उभं राहायचं होतं, पण तोंडातून निघालं ते तुमच्याच बाजूनं. "तुकडा बरोबर आहे बबन. तुझ्या गाडीचा पत्रा वाकलाय."

बबननं पत्र्याकडे पाहिलं. पत्रा सरळ होता. कंपनीतून आला त्या दिवशी होता तितका सरळ. बबन आयुष्यभर गाड्या चालवणारा माणूस, त्याला काय कळत नाही? त्यानं पत्र्यावरून हात फिरवला, मान डोलावली आणि म्हणाला, "रेड्यानं दाबला असंल. हरामखोराचं डोस्कंच तसलं हाय."

मग मी कानस घेतली. खालची कड घासायची म्हणजे तुमच्या हाताचं वळण घालवायचं. तुम्ही चाचपत चाचपत, दिसत नसताना, समजत नसताना जे उभं केलं होतंत, तेच मी पावडर करत होतो. दर थोड्या वेळानं थांबून तुकडा जीपला लावून बघायचो. जास्त घासलं गेलं तर दुसरा होणार नव्हता. कुठं थांबायचं हे माझ्या हाताला ठाऊक आहे, हे मला काल पहिल्यांदा कळलं. तो हात तुम्ही तयार केलात, शिव्या देऊन, खिळ्यावर टांगून. अखेर पॉलिश पेपर मारला, आणि बशीत काळ्यात पांढरा-तपकिरी कालवून घासलेल्या कडेला लावला. बराच वेळ कालवला. चकचकीत होऊ दिला नाही.

बसला तुकडा. इंडिकेटर लागला. बबननं तो चालू केला आणि जीपसमोर येऊन आम्ही दोघं नुसते त्याची उघडझाप बघत राहिलो. जाताना त्यानं विचारलं, "ह्यो त्यांच्या हातचा शेवटचा ना?" मी हो म्हणालो. "मग रेडा बांधाय पायजे," म्हणाला आणि गेला.

दादा आला तेव्हा मी टेबल पुसत होतो. "बबन येऊन गेला?"

"गेला."

"तुकडा?"

"बसला."

"लगेच?"

"लगेच. ठेवला तसा बसला."

फायबरचा भुगा फार बारीक असतो, वहिनी, पुसून जात नाही, आणि अंगाला लागला की खाज थांबत नाही. मी बोलता बोलता मान खाजवत होतो, मग कोपर, मग पुन्हा मान. तुमच्याबरोबर इतकी वर्षं ज्यानं त्या खाजेचा संसार केला, तो दादा माझ्याकडे बघत उभा राहिला. मग पुढे आला आणि माझ्या बाहीवरचा पांढुरका भुगा हातानं हळू झटकला.

"तिचा हात कधी चुकला नाही," दादा म्हणाला.

"नाही चुकला," मी म्हणालो.

मग त्यानं बादलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं, आणि मी कोपरापर्यंत हात धुतले.